दोन जिवांचा हिशेब : गरोदरपणातील तीव्र रक्तदाब आणि उपचारांची निवड

व्यापारी घरात रोजमेळ रोजच्या रोज जमवला जातो. शिल्लक जुळली नाही तर दुकानाचा दिवा मालवला जात नाही. त्याच घरातील गरोदर सुनेच्या किंवा बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीच्या तपासणी कार्डावर मात्र दर खेपेस दोन आकडे लिहिले जातात आणि ते फारसे कोणी वाचत नाही. सोनोग्राफीत बाळ कसे दिसले, वजन किती वाढले, तारीख कोणती दिली, याची चौकशी सारे घर करते. रक्तदाबाचा आकडा तेवढा दुर्लक्षित राहतो. याचे कारण उघड आहे. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, आणि जे दुखत नाही त्याची भीती वाटत नाही. गरोदरपणातील अनेक गंभीर प्रसंगांची सुरुवात मात्र याच न दुखणाऱ्या आकड्यापासून होते, आणि तो आकडा एका मर्यादेपलीकडे गेला की कुटुंबापुढे काही निर्णय अवघ्या तासाभरात येऊन उभे राहतात. ते निर्णय कोणते आणि त्यामागे वैद्यकशास्त्राचा कोणता विचार आहे, हे शांत मनाने आधीच समजून घेणे हिताचे आहे.

आजाराचे स्वरूप

गरोदरपणाचे २० आठवडे पूर्ण झाल्यानंतर, पूर्वी ज्या स्त्रीला रक्तदाबाचा त्रास नव्हता तिचा दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरू लागला आणि चार तासांच्या अंतराने पुन्हा मोजला तरी तसाच राहिला, तर तो गरोदरपणात उद्भवलेला उच्च रक्तदाब होय. त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, अथवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील प्लेटलेट्स किंवा मेंदू यांवर परिणाम दिसू लागला, म्हणजे त्यास प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. साधारणपणे शंभर गर्भवतींपैकी दोन ते आठ जणींना हा आजार होतो. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० यांपैकी एकाने जरी मर्यादा गाठली, तरी तो तीव्र रक्तदाब समजला जातो. दोन्ही आकडे एकदम वाढण्याची वाट पाहायची नसते.

या आजाराचे मूळ वारेत आहे. गर्भधारणेच्या पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद होऊन वारेला मुबलक रक्त पुरवू लागतात. काही स्त्रियांमध्ये हे रुंदीकरण अपुरे राहते. रक्त कमी पडू लागले की वारेतून काही द्रव्ये मातेच्या रक्तात मिसळतात आणि तिच्या सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास इजा करतात. त्यामुळेच हा एकट्या रक्तदाबाचा आजार नाही. डोके, डोळे, यकृत, मूत्रपिंड, फुफ्फुसे आणि रक्त या साऱ्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. लंडनच्या गाईज रुग्णालयातील जॉन लीव्हर या डॉक्टरांनी १८४३ मध्ये झटके आलेल्या गर्भवतींच्या लघवीत प्रथिने असल्याचे दाखवून दिले. आजही प्रत्येक तपासणीत लघवीची पट्टी बुडवून पाहिली जाते, ती त्याच निरीक्षणाची पुढची पायरी होय.

पहिले गरोदरपण, जुळे गर्भ, आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार, स्थूलता, वाढलेले वय, मागील खेपेस झालेला हाच आजार, तसेच आईला किंवा बहिणीला तो झालेला असणे, ही धोका वाढवणारी कारणे आहेत. यांपैकी एकही कारण नसलेल्या धडधाकट स्त्रीलाही तो होऊ शकतो. तेव्हा "आमच्या घराण्यात कोणाला बीपी नाही" हे उत्तर येथे उपयोगी पडत नाही.

धोक्याच्या खुणा

गरोदरपणात पायांवर थोडी सूज अनेकींना येते. तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नसते. परंतु चेहरा आणि हात एकाएकी सुजणे, साध्या गोळीने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधारी येणे, उजव्या बरगडीखाली वा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, दम लागणे, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही घडल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये. पोटाच्या वरच्या भागातील दुखण्यास घरोघरी "पित्त झाले" असे म्हटले जाते आणि सोडा किंवा पाचक चूर्ण दिले जाते. वास्तविक ते दुखणे यकृतास आलेल्या सुजेचे असू शकते. तांबड्या पेशी फुटणे, यकृताचे घटक वाढणे आणि प्लेटलेट्स घटणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे त्यास हेल्प सिंड्रोम म्हणतात, आणि त्यात प्रकृती काही तासांत खालावू शकते.

याही पुढची पायरी एक्लॅम्प्सियाची, म्हणजे झटके येण्याची. हा शब्द ग्रीक भाषेतील असून त्यात वीज चमकावी तसा अकस्मात प्रकार सूचित होतो. अशा वेळी स्त्रीला डाव्या कुशीवर वळवावे, ती खाली पडणार नाही याची काळजी घ्यावी, तोंडात चमचा, पाणी किंवा बोट घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बाहेरची बाधा किंवा जुनी फेफऱ्याची व्याधी समजून केलेला उशीर या आजारात जिवावर बेततो.

पहिला निर्णय : दाब किती आणि कसा उतरवावा

दाब १६०/११० च्या पुढे टिकून राहिला, तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून पंधरा मिनिटांत पुन्हा मोजून खात्री झाल्यावर अर्ध्या ते एका तासाच्या आत औषध सुरू करावे, असा आज सर्वमान्य दंडक आहे. यासाठी मुख्यतः तीन औषधे वापरली जातात : शिरेतून दिले जाणारे लॅबेटालॉल, शिरेतूनच दिले जाणारे हायड्रालाझिन आणि तोंडाने घ्यावयाची निफेडिपिनची गोळी. दम्याच्या रुग्णास लॅबेटालॉल टाळतात. त्यामुळे दमा असल्यास ते आपण होऊन सांगणे कुटुंबाचे काम आहे.

इंजेक्शन दिले म्हणजेच खरा उपचार झाला, अशी अनेकांची समजूत असते. या समजुतीला उत्तर देणारा एक महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. नागपुरातील दोन सरकारी रुग्णालयांमध्ये २०१५ ते २०१७ या काळात तीव्र रक्तदाब असलेल्या ८९४ गर्भवतींना निफेडिपिन, लॅबेटालॉल किंवा मिथाइलडोपा यांपैकी एक औषध तोंडाने देण्यात आले. सहा तासांत कोणताही विपरीत परिणाम न होता दाब आटोक्यात आलेल्या स्त्रियांचे प्रमाण अनुक्रमे ८४, ७७ आणि ७६ टक्के होते. हा निष्कर्ष २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिरेतून औषध देण्याची आणि सतत देखरेखीची सोय नसलेल्या ठिकाणी स्वस्त गोळ्यांनीही बहुसंख्य स्त्रियांचा दाब उतरवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबांसाठी ही मोठ्या दिलाशाची बाब आहे.

दाब उतरवतानाही मर्यादा पाळावी लागते. तो एकदम खाली आणला तर वारेकडे जाणारे रक्त कमी होऊन गर्भाला धोका पोहोचतो. म्हणून डॉक्टर तो साधारण १४०-१५० च्या आणि ९०-१०० च्या दरम्यान आणून स्थिर ठेवतात. "अजून नॉर्मल का झाला नाही?" असा तगादा नातेवाइकांनी लावू नये. त्याचप्रमाणे घरातील वडीलधाऱ्यांची रक्तदाबाची गोळी गर्भवतीला कधीही देऊ नये. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी ज्येष्ठांना सर्रास दिली जाणारी औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना हानी पोहोचवतात.

दुसरा निर्णय : झटक्यांना प्रतिबंध

रक्तदाबाचे औषध झटके थांबवत नाही. त्यासाठी वेगळे औषध लागते आणि ते म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. झटक्यांवर कोणते औषध द्यावे याविषयी विसाव्या शतकात बराच काळ एकमत नव्हते. आपल्या देशात मद्रासचे डॉ. कृष्ण मेनन यांनी तीन गुंगीकारक औषधांचे मिश्रण वापरून मृत्यू कमी केल्याचा अनुभव १९६१ मध्ये मांडला आणि ती पद्धत भारतात अनेक वर्षे चालली. अमेरिकेत डॅलसचे डॉ. प्रिचर्ड मॅग्नेशियम सल्फेटचा पुरस्कार करीत होते. कोणाचे बरोबर, हे अनुभवावर ठरत नव्हते. अखेर भारतासह नऊ देशांमध्ये एक व्यापक तुलना करण्यात आली आणि १९९५ मध्ये तिचा निकाल लागला. पुन्हा झटका येण्याचा धोका मॅग्नेशियम सल्फेटमुळे डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी झाला होता.

झटका येण्यापूर्वीच हे औषध द्यावे काय, हा पुढचा प्रश्न होता. तो ३३ देशांतील १०,१४१ स्त्रियांच्या अभ्यासाने २००२ मध्ये सोडवला. प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या ज्या स्त्रियांना मॅग्नेशियम सल्फेट मिळाले त्यांच्यातील ०.८ टक्के, तर ज्यांना मिळाले नाही त्यांच्यातील १.९ टक्के स्त्रियांना झटके आले. म्हणजे धोका निम्म्याहून कमी झाला. शिवाय हे औषध अत्यंत स्वस्त आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रांतही ते वापरले जाते.

त्याची देण्याची रीत मात्र नातेवाइकांना घाबरवणारी असते. प्रचलित पद्धतीनुसार ४ ग्रॅम औषध हळूहळू शिरेतून आणि त्यासोबत दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम दिले जाते. त्यानंतर दर चार तासांनी ५ ग्रॅमचे इंजेक्शन दिले जाते. ही इंजेक्शने दुखतात. अंगातून एकदम उष्णता गेल्यासारखे वाटते, मळमळते. अशा वेळी "आमच्या मुलीला इतकी इंजेक्शने कशाला?" असा वाद घालणे योग्य नव्हे. अतिमात्रेचा धोका असतो हे खरे. म्हणूनच प्रत्येक मात्रेपूर्वी गुडघ्यावर ठोका मारून पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान सोळा आहेत का आणि लघवी पुरेशी होते आहे का, हे तपासले जाते. गरज पडल्यास कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा तयार ठेवलेला असतो. प्रसूतीनंतर, किंवा शेवटचा झटका नंतर आला असल्यास त्यानंतर, २४ तास हे औषध चालू ठेवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूलाही त्यापासून काही संरक्षण मिळते.

याच काळात नातेवाइकांकडून आणखी एक आग्रह होतो. "अशक्तपणा आला आहे, सलाईन लावा." या आजारात रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरत असते. शिरेतून जास्त द्रव दिल्यास ते फुफ्फुसांत साठते आणि श्वास कोंडतो. डॉक्टर सलाईन मोजून देतात, त्यामागे ही दक्षता असते.

तिसरा निर्णय : थांबावे की प्रसूती करावी

सर्वांत कठीण निर्णय हा आहे. औषधांनी दाब उतरतो, झटके टळतात, परंतु मूळ आजार हटत नाही. वार शरीराबाहेर आल्याशिवाय तो बरा होत नाही. गर्भाला मात्र प्रत्येक दिवस आतच हवा असतो. बाळाच्या खात्यात एक दिवस जमा होतो तेव्हा तो आईच्या खात्यातून खर्ची पडत असतो. दोन्ही बाजू एकाच वेळी सांभाळण्याची कसोटी डॉक्टरांना पार पाडायची असते.

३७ आठवडे पूर्ण झाले असतील तर थांबण्यात काही लाभ नाही. आजार सौम्य असला तरी प्रसूती करावी, याविषयी एकमत आहे. नेदरलँड्समध्ये ३६ आठवड्यांपुढील ७५६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाट पाहिलेल्या गटात मातेला गुंतागुंत होण्याचे प्रमाण ४४ टक्के, तर कळा आणवून प्रसूती केलेल्या गटात ते ३१ टक्के होते. ३४ आठवडे उलटले असून आजार तीव्र असेल, तर प्रथम मातेची प्रकृती स्थिर करून प्रसूती करणे हेच उचित मानले जाते. ३४ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान तीव्र लक्षणे नसतील, तर आईची व बाळाची स्थिती पाहून विचारपूर्वक ठरवावे लागते.

खरी परीक्षा ३४ आठवड्यांच्या आत असते. दाब औषधांनी आटोक्यात राहत असेल, रक्ताचे अहवाल ठीक असतील आणि बाळाची स्थिती समाधानकारक असेल, तर काही दिवस थांबता येते. मात्र हे थांबणे घरी नव्हे, तर रुग्णालयात असते, आणि तेही नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात. दिवसातून अनेक वेळा दाब, ठराविक अंतराने प्लेटलेट्स, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, बाळाच्या हृदयाचे ठोके आणि रक्तप्रवाहाची डॉपलर सोनोग्राफी, असा हा पहारा असतो. याच अवधीत बाळाची फुफ्फुसे परिपक्व व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शने दिली जातात. डेक्सामेथासोन असेल तर ६ मिलिग्रॅमच्या चार मात्रा बारा-बारा तासांनी. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि होवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये दाखवून दिलेल्या या उपायाने जगभरात असंख्य अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे श्वास वाचवले आहेत. "स्टिरॉइड" या शब्दाने घाबरून नकार देऊ नये.

काही वेळा मात्र थांबताच येत नाही. तीन औषधे देऊनही न उतरणारा दाब, झटके, फुफ्फुसांत पाणी, हेल्प सिंड्रोम, वार सुटून होणारा रक्तस्राव, मूत्रपिंडांचे बिघडत जाणारे कार्य किंवा बाळाच्या ठोक्यांतील धोक्याची सूचना, यांपैकी काही उद्भवल्यास आठवडे कितीही असोत, आईची प्रकृती सावरताच प्रसूती करावी लागते.

असा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. पहिलटकरीण सून, एकतिसावा आठवडा, दाब १७०/११५, प्लेटलेट्स सकाळच्या तुलनेत संध्याकाळी निम्म्यावर. व्हरांड्यात सासरे, व्याही, दीर, नवरा उभे आहेत. "डॉक्टरसाहेब, आणखी चार दिवस थांबता नाही का येणार? बाळाला तेवढाच आधार," असे सासरे हात जोडून विचारतात. प्रश्न मायेपोटीच विचारलेला असतो. तरीही त्याचे उत्तर असे आहे की आईचे शरीरच हरले तर त्या चार दिवसांचा लाभ बाळालाही मिळत नाही. आई वाचली तर अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी काचेची पेटी, श्वासाचे यंत्र आणि आईचे दूध हे उपाय शिल्लक राहतात. या घडीला व्याह्यांनी व सासरकडच्यांनी एकमेकांकडे पाहत राहण्यापेक्षा, त्या स्त्रीला बोलण्याइतपत शुद्ध असल्यास प्रथम तिलाच विचारावे. संमतीपत्रावर सही कोणाची हवी यापेक्षा निर्णय कोणाच्या देहाविषयी आहे, ते अधिक महत्त्वाचे. आणि अशा प्रसूतीसाठी मुहूर्त पाहण्याचा विषय कोणी काढूच नये.

चौथा निर्णय : प्रसूती कशी आणि कोठे

तीव्र रक्तदाब म्हणजे सिझेरियन, असे समीकरण नाही. बाळाची स्थिती चांगली असेल आणि वेळ हाताशी असेल, तर कळा आणवून नैसर्गिक प्रसूती करता येते. याविषयीही नागपुरातील दोन सरकारी रुग्णालयांचेच काम उल्लेखनीय आहे. रक्तदाब असलेल्या ६०२ गर्भवतींवरील या अभ्यासात मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी कळा आणवलेल्या ५७ टक्के, तर फोली कॅथेटरने आणवलेल्या ४७ टक्के स्त्रियांची चोवीस तासांत नैसर्गिक प्रसूती झाली. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भाशयाचे मुख तयार नसेल, दिवस फारच कमी असतील किंवा बाळ धोक्यात असेल, तर सिझेरियन करणे भाग पडते. प्लेटलेट्स फार कमी असल्यास पाठीत सुई देऊन भूल देणे धोक्याचे ठरते. म्हणून भूलतज्ज्ञाचे मतही तितकेच मोलाचे.

नेहमीच्या ओळखीच्या डॉक्टरांवर विश्वास असणे चांगलेच. परंतु या आजारात रक्तपेढी, चोवीस तास प्रयोगशाळा, भूलतज्ज्ञ, मातेसाठी अतिदक्षता विभाग आणि नवजात शिशूंची सोय, या पाच गोष्टी एका छपराखाली लागतात. लहान नर्सिंग होममधील डॉक्टरांनी "यांना मोठ्या रुग्णालयात हलवा" असे सांगितले, तर तो त्यांचा प्रामाणिकपणा समजावा. निघण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा आणि दाबाचे औषध देऊन झाले आहे का, मात्रा व वेळ चिठ्ठीवर लिहिली आहे का आणि पुढच्या रुग्णालयास फोन झाला आहे का, या तीन गोष्टी सोबत जाणाऱ्याने विचारून घ्याव्यात. वाटेत पाहुण्यांकडे थांबू नये. पैशांची जुळवाजुळव एकाने करावी आणि रुग्णासोबत दुसऱ्याने निघावे. सरकारी रुग्णालयांतून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती व सिझेरियन विनामूल्य होते, आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत अशा रुग्णांचा अनुभव खासगी ठिकाणांहून कितीतरी अधिक असतो. प्रतिष्ठेच्या कल्पनेने तो मार्ग बंद समजू नये.

प्रसूतीनंतरचे दिवस

बाळ जन्मले, पेढे वाटले गेले आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला, तरी धोका सरलेला नसतो. झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात, विशेषतः पहिल्या ४८ तासांत. तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान दाब पुन्हा चढतो, आणि नेमक्या याच वेळी बाळंतीण घरी येऊन शेक, डिंकाचे लाडू आणि पाहुण्यांची वर्दळ यांत गुंतलेली असते. घरी आल्यावरही पहिल्या दहा दिवसांत दाब मोजत राहावे. डोके दुखू लागले तर "जागरण झाले असेल" असे म्हणून सोडून देऊ नये. सहा आठवडे ही सावधगिरी हवी. अंगावर पाजणाऱ्या आईला लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि प्रसूतीनंतर एनालाप्रिलही घेता येते. दूध बिघडेल या भीतीने गोळी बंद करू नये.

गोळ्यांच्या वेळेचा एक प्रश्न आपल्या घरांमध्ये विशेषत्वाने येतो. यांतील बरीचशी औषधे आठ किंवा बारा तासांनी घ्यावी लागतात आणि सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असलेल्या घरात रात्रीची मात्रा चुकते. पहाटे दाब चढतो आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. घरात हा नियम आहे हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. गोळीची वेळ बदलता येत असेल तर ते सुचवतील. येत नसेल तर आजारपणातील सवलतींविषयी घरातील ज्येष्ठांनी गुरुजनांना विचारून सुनेची मनःस्थिती निश्चिंत करावी. संकोचापोटी तिने परस्पर गोळी टाळणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. गरोदरपणातील उपवासाचा निर्णयही डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. मीठ पूर्ण तोडल्याने किंवा सक्तीने अंथरुणावर झोपवून ठेवल्याने हा आजार टळत नाही.

पुढील खेपेसाठी

हा आजार एकदा झाला की पुढील गरोदरपणात तो पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते. अशा स्त्रीने दिवस राहताच डॉक्टरांना मागील कागद दाखवावेत. अधिक धोका असलेल्या स्त्रियांना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांपासून ३६ व्या आठवड्यापर्यंत रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यास ३७ आठवड्यांपूर्वी होणारा प्री-एक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी कमी होतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ही गोळी कोणी घ्यावी हे मात्र डॉक्टरच ठरवतील. आहारात कॅल्शियम कमी असणाऱ्यांना पूरक कॅल्शियमचा लाभ होतो, आणि आपल्या शासनाच्या धोरणातही चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम देण्याची तरतूद आहे. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर मोफत तपासणी होते, तिचाही लाभ घ्यावा. या स्त्रियांना पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. म्हणून मूल मोठे झाल्यावरही तिच्या रक्तदाबाची व साखरेची वार्षिक तपासणी चुकवू नये. घरातील कर्त्या पुरुषांची तपासणी दरवर्षी होते, तिची राहून जाते.

घरात गर्भवती असेल तर काही तयारी आजच करून ठेवता येते. दंडावर बांधायचे, योग्य मापाच्या पट्ट्याचे रक्तदाब यंत्र घ्यावे आणि ते दवाखान्यातील यंत्राशी एकदा पडताळून पाहावे. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे शांत बसल्यावर दाब मोजावा आणि तारखेसह वहीत लिहावा. जवळच्या सुसज्ज रुग्णालयाचे नाव व फोन, रक्तगट, समान रक्तगटाच्या दोन नातेवाइकांची नावे आणि सर्व अहवालांची एक पिशवी दाराजवळ असावी. आकडा १४०/९० दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. १६०/११० दिसला तर गाडी काढावी, चर्चा वाटेत करता येते.